चांदरचा वाडा

(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



जुबिलीच्या ह्या सप्ताहात आपण उपदेश पुष्कळ ऐकले. तेव्हा आज वेदीपासून दोन पावले दूर उभे राहून एका घराविषयी बोलावे असे मी योजिले आहे. हे घर आपल्या पेणचे नाही, रोह्याचेही नाही. ते गोव्यात, साष्टी प्रांतात, मडगावच्या पूर्वेस सुमारे चार कोसांवर चांदर नावाच्या गावी आहे. पोर्तुगीज लिखाणात ह्या गावास चांदोर म्हणतात, आणि घरास ब्रागांझांचा वाडा म्हणून ओळखतात. आपल्या जुबिलीत परमुलखातल्या एका जमीनदाराच्या घराचे काय काम, असे कोणाच्या मनात आल्यास ते गैर नव्हे. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातून सुरू होते.

रेवदंड्यास आपणांपैकी बहुतेकजण गेले असतील. तेथे पोर्तुगीजांना १५२१ साली कोट बांधण्याची परवानगी मिळाली, आणि त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ चौलचे ते ठाणे त्यांच्या ताब्यात राहिले. वसई, ठाणे, मुंबई, चौल आणि दमण मिळून त्यांचा ‘उत्तर प्रांत’ होत असे. ह्या प्रांतातील गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना ठरावीक पिढ्यांपुरती लावून दिलेली असत. गावचा वसूल सरदाराच्या घरी येई, आणि त्या वसुलातून कोटाच्या आत मोठमोठी घरे उभी राहत. १७३९ साली वसई पडली, १७४० साली चौल मराठ्यांच्या हाती आले, आणि घरांचे धनी निघून गेले. पुढे नारळीच्या बागांनी भिंती गिळल्या. आज रेवदंड्यास तटबंदी दिसते, मोडक्या चर्चचा सातखणी मनोरा दिसतो, आणि समोर खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगराखाली आपले धर्मबंधू अद्यापि पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात. म्हणजे भाषा राहिली, मनोरा राहिला. घर मात्र एकही धड राहिले नाही.

मुंबईचीही कथा फारशी वेगळी नाही. ते बेट एके काळी गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानच्या औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. बेटाच्या मालकाचे जे घर होते, त्याच घरी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबई इंग्रजांच्या हवाली झाली. इंग्रजांनी त्या घराभोवती आपला किल्ला उठविला, आणि ती जागा आता आरमाराच्या आवारात गेली आहे. तेथे जाऊन घर पाहावे म्हणाल तर पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही.

ह्यास्तव ज्यास पोर्तुगीज काळातले थोरले घर भिंती-छपरासह, सामानासुमानासह आणि राहत्या माणसांसह पाहावयाचे असेल, त्याने चांदर गाठावे. आणि येथे एक खुलासा करून ठेवतो, कारण नावाचा घोटाळा नेहमी होतो. ठाण्याची साष्टी निराळी आणि गोव्याची साष्टी निराळी. आजच्या भाषणात जेथे साष्टी येईल तेथे ती गोव्याची समजावी.

चांदर हे काही पोर्तुगीजांनी वसविलेले गाव नव्हे. कुशावती नदीच्या काठचे हे प्राचीन चंद्रपूर. कदंब राजांची ही राजधानी होती, आणि अकराव्या शतकात त्यांनी आपली गादी गोपकपट्टणास नेली तोवर तिचा दिमाख मोठा होता. ही गोष्ट ताम्रपटांवरून विद्वानांस ठाऊक होतीच; परंतु जमिनीत खणून ती पाहण्याचे काम प्रथम केले ते एका धर्मगुरूने. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास ह्यांनी १९२९ साली चांदर येथे उत्खनन केले, आणि एका देवालयाचा पाया उजेडात आणला. त्या जागी शिर नसलेला एक दगडी नंदी अद्यापि आहे. वाड्याला जाण्यापूर्वी ज्याने तो नंदी पाहिला, त्यालाच वाडा पुरता कळतो असे माझे मत आहे. १५४३ साली साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेली. १५६० च्या सुमारास येशूसंघीयांचे कार्य तेथे सुरू झाले. आणि १५६७ च्या आसपास राशोलच्या किल्लेदाराने त्या प्रांतातील देवळे पाडली. आपल्या धर्माचा प्रसार तेथे प्रेमाने झाला तसाच तो तलवारीच्या छायेतही झाला. सत्य हे सत्य म्हणूनच सांगितले पाहिजे, आणि जुबिलीच्या दिवशी तर विशेषच.

ह्या उलथापालथीत गावातील जी घराणी बाटली, त्यांतील काहींनी आपल्या जमिनी राखल्या आणि पुढे वाढविल्याही. त्यांतलेच हे एक घराणे. ब्रागांझा हे पोर्तुगालच्या राजकुळाचे नाव. १६४० पासून १९१० पर्यंत ते कुळ लिस्बनच्या गादीवर होते. तेच नाव चांदरच्या ह्या घराण्यास राजाच्या मेहेरबानीने मिळाले असे सांगतात. वाड्याचा जुन्यात जुना भाग सोळाव्या-सतराव्या शतकातील मानतात. मात्र आज जे दर्शनी रूप दिसते ते बहुतांशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहे. एकोणिसाव्या शतकात वारसा दोन बहिणींकडे गेला, आणि तेव्हापासून वाड्याचे दोन भाग झाले. पश्चिमेकडचा मेनेझिस ब्रागांझांचा, आणि पूर्वेकडचा ब्रागांझा परैरांचा. जिन्याने वर गेले की एका हातास एक कुटुंब आणि दुसऱ्या हातास दुसरे. बाहेरून पाहणारास मात्र एकच वाडा, एकच दर्शनी भिंत आणि एकच छप्पर.

आता ह्या वाड्याच्या बांधणीविषयी दोन शब्द. आपल्या पेणच्या जुन्या वाड्यांची रीत आपणांस ठाऊक आहे. रस्त्याकडे भिंत, भिंतीत दार, दाराच्या आत ओटी, पुढे माजघर, देवघर, आणि मध्ये उजेड घेणारा चौक. असा वाडा आत पाहतो. रस्त्याकडे त्याची पाठच असते म्हटले तरी चालेल. घरातील स्त्रिया, देव आणि धान्य ही सर्व आतल्या अंगास. गोव्याच्या हिंदू घरांतही मुळात हीच रीत होती, आणि तेथे मधल्या चौकास राजांगण म्हणतात. घराणी ख्रिस्ती झाली तरी राजांगण बहुतेकांनी सोडले नाही, कारण पावसाळा तोच होता आणि उन्हाळाही तोच होता. परंतु घराने तोंड फिरविले. जे घर आत पाहत होते ते बाहेर पाहू लागले.

चांदरचा वाडा हा ह्या पालटाचा सर्वांत ठळक नमुना होय. गावच्या चौकाच्या एका बाजूस त्याची दुमजली दर्शनी भिंत लांबच लांब पसरलेली आहे, आणि वरच्या मजल्यावर सुमारे दोन डझन उंच खिडक्यांची ओळ आहे. खिडकी म्हणजे केवळ झरोका नव्हे. जमिनीपर्यंत उघडणारे ते दारच, आणि त्याच्यापुढे कठड्याचा छोटासा सज्जा. राहणे, पाहुण्यांचे स्वागत, जेवणावळी हे सर्व वरच्या मजल्यावर. खालचा मजला कामाकाजाचा. असे का झाले? एक कारण राजदरबारी मिरविण्याची हौस हे तर खरेच. पण दुसरे कारण आपल्या धर्माच्या रिवाजात आहे. चर्चच्या सणाची मिरवणूक चौकातून जाई, आणि तिला घरातल्या प्रत्येक माणसाने, स्त्रियांनीसुद्धा, उभे राहून पाहावे, हात जोडावे, पुष्पे टाकावीत, अशी रीत पडली. पडद्याआडच्या घरास हे जमणारे नव्हते. म्हणून भिंतीला खिडक्या पडल्या.

सामग्री मात्र सारी इथलीच. भिंती जांभ्या दगडाच्या, वरून चुन्याचा गिलावा. आपल्याकडची घरे ज्या दगडाची तोच हा दगड. गोव्याच्या जुन्या घरांत काच दुर्मिळ असल्यामुळे खिडक्यांच्या चौकटींत शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या बसवीत असत. त्यांतून ऊन आत येताना दुधासारखे मऊ होऊन येते. मंगळूरचे चपटे कौल तर फार पुढचे. बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळुरास १८६५ साली निघाला, आणि मग ते कौल साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले, तसे आपल्या पेणलाही. त्यापूर्वी सर्वत्र नळीची कौलेच होती. रंगाविषयीही एक गोष्ट सांगतात, ती अशी की पांढरा रंग चर्चसाठीच राखून ठेवलेला असे आणि म्हणून घरांना पिवळा, निळा, तांबडा असे रंग देत. गोव्यातील जुनी वस्ती अशी रंगीबेरंगी दिसते त्याचे हे एक कारण.

आतील वैभवाचे वर्णन करू लागलो तर रात्र होईल, म्हणून थोडक्यात सांगतो. नृत्याची मोठी दालने आहेत. इटलीच्या संगमरवराची फरशी आहे. बेल्जमची हंड्याझुंबरे आहेत. मकावच्या वाटेने आलेली चिनी मातीची भांडी आहेत. पोर्तुगालचा राजा दों लुईस ह्याने भेट दिलेल्या खुर्च्याही दाखवितात. पण मला त्या परदेशी वस्तूंपेक्षा शिसवी सामान अधिक मोलाचे वाटते. त्या खुर्च्या, ती कोचे, ते पलंग इथल्या सुतारांनी कोरले. नमुना युरोपचा आणि हात कोकणचा. साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर जी वेल चढली आहे, ती आपल्या देवळाच्या खांबावरही सापडेल. त्या सुतारांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

पूर्वेकडील भागात कुटुंबाचे खासगी प्रार्थनामंदिर आहे, आणि तेथे संत फ्रान्सिस झेवियरचे नख हिरेजडित पात्रात जपून ठेवलेले आहे. आपल्या माजघराशेजारी देवघर असते, त्याच जागी ह्या घरात वेदी आली. संध्याकाळी घरातील सर्वांनी, नोकरचाकरांसह, जमून जपमाळ म्हणावी ही गोव्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांतील रीत. आपल्यातल्या वृद्धांना ती ठाऊक आहे. तरुणांना ऐकून ठाऊक आहे. बाळगोपाळांना मात्र ती दाखविलीच पाहिजे.

आता त्याच छपराखाली पश्चिमेकडे वळू. तेथे एक ग्रंथालय आहे. सुमारे पाच हजार ग्रंथांचे, आणि गोव्यातील खासगी संग्रहांत सर्वांत मोठे म्हणून प्रसिद्ध. ते ज्यांनी जमविले ते लुईस द मेनेझिस ब्रागांझा ह्यांचा जन्म चांदर येथे १८७८ साली झाला. १९०० साली त्यांनी दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातील पहिले दैनिक काढले. १९११ साली ‘ओ देबाते’, आणि १९२८ साली ‘प्रकाश’. पोर्तुगीज भाषेवर त्यांचे असे प्रभुत्व होते की लिस्बनकरांनीही तोंडात बोट घालावे; आणि ते सारे प्रभुत्व त्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध खर्ची घातले. १९३० च्या जुलैमध्ये, सालाझारचा वसाहतींविषयीचा कायदा येऊ घातला असता, गोव्याच्या विधिमंडळात त्यांनी आपल्या लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. राजाच्या खुर्च्या ज्या घरात मांडल्या होत्या, त्या घरातून हा आवाज निघाला! १९३८ साली ते वारले. त्यांची कन्या बेर्ता पुढे मुक्तीच्या चळवळीत उतरली. त्यांचे नातलग त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा ह्यांचाही जन्म चांदरचाच, १८९१ सालचा. १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे ते हेच. १९४६ साली त्यांना पकडण्यात आले आणि पुढे पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले; तेथून सुटून ते मुंबईस आले आणि १९५८ साली तेथेच निवर्तले.

मेनेझिस ब्रागांझा हे बुद्धिवादी होते. धर्मपीठाच्या सत्तेवर त्यांनी आपली धारदार लेखणी चालविली, आणि मजसारख्या धर्मगुरूस त्यांची सर्व मते पटणे शक्य नाही. तरीही आपल्या तरुणांनी त्यांचे नाव जाणावे असे मला मनापासून वाटते. एका छपराखाली एका अंगास संताचा अवशेष आणि दुसऱ्या अंगास बुद्धिवाद्याचे ग्रंथ, आणि मध्ये एकच जिना, हे दृश्य मला फार बोलके वाटले. दोन्ही बाजूंनी एकमेकांस घराबाहेर घातले नाही. आपल्याकडे तर सभेत मत जुळले नाही म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नास जात नाहीत.

भाषेविषयी मात्र मला एक खंत वाटते. ह्याच साष्टीत, राशोल येथे, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. आपल्या मराठीत ख्रिस्ती भक्तीचे ते पहिले थोर काव्य. तेथून सत्तर वर्षेही लोटली नाहीत, तोच १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांची भाषा बंद पाडावयाचे ठरविले. थोरल्या घरांनी पोर्तुगीज उचलली. मालक एका भाषेत बोले आणि कूळ दुसऱ्या. जिन्याच्या वर एक भाषा, जिन्याखाली दुसरी.

आणि आता जिन्याखालचाच विषय काढतो. वाड्याचे संगमरवर, झुंबरे आणि पाच हजार ग्रंथ आले कोठून? ते आले भातखाचरांतून आणि माडांच्या बागांतून. गोव्यात जमीनदारास भाटकार म्हणतात, आणि त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्यास मुंडकार. मुंडकाराने बागेची राखण करावी, पडेल ते काम करावे, आणि भाटकाराच्या मर्जीने राहावे. ही रीत आपणांस परकी वाटू नये. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, ज्यास १९८१ पासून रायगड जिल्हा म्हणतात, खोतांचे राज्य होते. आपल्यापैकी कित्येकांच्या आजा-पणजांनी खोताच्या दारी खंडाचे भात मोजून दिले आहे. अलिबागजवळ चरी येथे १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली संप केला. शेते ओसाड पडली, लोकांनी उपासमार सोसली, परंतु माघार घेतली नाही. डॉक्टर आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल आणले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. गोव्यात तेच काम मुक्तीनंतर झाले. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकारांच्या संरक्षणाचा कायदा, आणि १९७६ ची ती दुरुस्ती जिने कूळ हाच जमिनीचा मालक ठरला. हे सर्व न्यायाचे झाले, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या दिवसापासून वाड्याच्या छपराखालचा वसूल थांबला, हेही तितकेच खरे.

येथे मला आपल्या तालुक्यातले एक घर आठवते. पेणजवळ गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखते. भावे हे तेथील इनामदार. ते जन्मघर स्मारक म्हणून जपून ठेवलेले आहे. तेथे ना संगमरवर ना झुंबरे. चांदरच्या वाड्यापुढे ते एखाद्या कोठारासारखे दिसेल. परंतु इनामदाराचा नातू १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्लीपासून निघाला आणि भूमिहीनांसाठी जमीन मागत गावोगाव पायी फिरला. चांदरच्या वाड्यातून स्वयंनिर्णयाचा ठराव निघाला, गागोद्याच्या घरातून भूदान निघाले. दोन्ही घरे इतरांच्या घामावर उभी होती, आणि दोन्ही घरांतून ती व्यवस्था मोडू पाहणारा माणूस निघाला. हे मी वाडेवाल्यांच्या सफाईसाठी सांगत नाही. मुंडकाराचे कर्ज अशाने फिटत नाही. परंतु जुने घर पाहताना केवळ त्याचे झुंबर पाहून डोळे दिपवून घेणारा आणि केवळ त्याचा अन्याय पाहून थुंकणारा, हे दोघेही अर्धेच घर पाहून परततात.

आता राखणीची गोष्ट. १९५० साली, पोर्तुगीज पोलिसांचा जाच वाढल्यावर, पश्चिमेकडच्या कुटुंबास गोवा सोडून बंगळुरास जावे लागले. वाडा कुलूपबंद राहिला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि पुढच्या वर्षी कुटुंब परत आले, तेव्हा सामान जेथल्या तेथे सापडले असे सांगतात. बारा पावसाळे! कोकणच्या माणसास ह्या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. एक पावसाळा कौले चाळली नाहीत तर वासे कुजतात. दोन पावसाळ्यांत वाळवी तुळईस पोहोचते. आणि मग भिंतीत पिंपळ उगवतो. तेव्हा घर उभे राहिले ह्यात बांधणीचा वाटा मोठा आहेच, परंतु गावकऱ्यांच्या सचोटीचाही आहे. चौकावरच्या त्या घराला कोणी हात लावला नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी त्या घरासाठी राबणूक केली, त्यांच्याच शेजारात ते बारा वर्षे सुरक्षित राहिले.

परतल्यावर मात्र वसूल गेलेला. एवढ्या छपराची देखभाल कशाने करावी? सरकारी खजिन्यावर तो वाडा चालत नाही. दोन्ही कुटुंबांनी आपापली दारे पाहुण्यांस उघडली; घरातीलच माणूस पाहुण्यांना दालने दाखवितो, आणि येणारा यथाशक्ति वर्गणी देतो. ज्या दालनांत पूर्वी निवडक निमंत्रितांनाच प्रवेश होता, तेथे आता मुंडकाराचा नातूही वर्गणी देऊन झुंबर पाहू शकतो. कौले चाळण्याचा खर्च आज खंडातून निघत नाही, पाहुण्यांच्या नाण्यांतून निघतो. मला हा बदल मोठा वाटतो.

कुशावतीच्या काठीच केपें येथे दुसरे एक घर आहे. तेथील दियांव, म्हणजे एका ज्येष्ठ धर्मगुरूने, १७८७ साली ते नदीकाठी चर्चसमोर बांधले. पुढे ते फार मोडकळीस आले होते. ह्या शतकात एका दांपत्याने पदरमोड करून ते नीट दुरुस्त केले. धर्मगुरूने बांधलेले घर संसारी माणसांनी वाचविले, ह्याची आम्ही धर्मगुरूंनी थोडी लाज आणि पुष्कळ कृतज्ञता बाळगावी.

आणि आपण? गेल्या काही वर्षांत आपल्या ह्या भागात किती जुनी घरे पाडली गेली, ते आपणांस मजपेक्षा अधिक ठाऊक आहे. भाऊ भाऊ वाटणीला बसतात. घराचे दोन भाग होत नाहीत म्हणून घरच नाहीसे करतात, आणि त्या जागी चौकोनी सिमेंटची इमारत येते. चांदरच्या दोन बहिणींनीही वाटणी केलीच. परंतु त्यांनी भिंत पाडली नाही, जिना तोडला नाही. जिन्याच्या डावी-उजवीकडे वाटणी केली. अशी वाटणी आपल्यास का सुचू नये? ज्यांच्या घरी वाटणीची बोलणी सध्या चालली आहेत, त्यांची नावे मी येथे घेणार नाही. पण ते समोरच बसले आहेत, आणि सभा संपल्यावर त्यांनी मला भेटावे. आमचे हे धर्मगुरूचे घरदेखील मोडकळीस आलेले आहे. ते पाडावे की दुरुस्त करावे, ह्याचा विचार जुबिली-समिती करीत आहे. माझे मत दुरुस्तीच्या बाजूचे आहे, ते मी समितीस लेखी कळविले आहे. जांभ्याच्या भिंतीस काही झालेले नाही. वासे आणि कौले बदलली की पुरे.

ज्यांना चांदरला जाऊन यावयाचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. वाट सोपी आहे. जी कोकण रेल्वे आपल्या रोह्यापासून सुरू होते, तीच मडगावास जाते, आणि मडगावाहून चांदरला बस मिळते. जावे तर सहा जानेवारीच्या आसपास. तेथील चर्च बेथलेहेमच्या मातेचे आहे, आणि त्या दिवशी तीन राजांचा सण असतो. तीन मुले राजांचा वेष करून घोड्यावर बसून येतात, आणि तो चौक गजबजून जातो. त्या दिवशी वाड्याच्या सज्जांकडे पाहा, म्हणजे त्या खिडक्या कशासाठी पडल्या हे सांगावे लागणार नाही. उपवासकाळापूर्वीच्या कार्निव्हालमध्ये गेलात तर मुसळखेळ पाहावयास मिळेल. ख्रिस्ती पुरुष हातांत मुसळे घेऊन नाचतात, आणि तो नाच पोर्तुगीजांच्याही आधीच्या राजांची आठवण ठेवतो. नंदी पाहावयास विसरू नका. वाड्यात लहान मुलांना भांड्यांस हात लावू देऊ नका. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोन्ही बाजूंची कुटुंबे वेगळी आहेत आणि दोन्हींचा खर्चही वेगळा आहे. पश्चिमेकडे वर्गणी दिली म्हणून पूर्वेकडे हात आखडता घेऊ नका.